डाव्या-उजव्या पट्टीचं बातम्यांचं अ‍ॅप, वर्षभर पैसे भरून वापरलं त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार. अ‍ॅपचं नाव टाकत नाहीये कारण ऑटो-रिन्यूअलच्या पैशांवरून त्यांच्या कस्टमर सपोर्टशी माझं अजून चालू आहे आणि ते मिटेपर्यंत उगाच नाव घेऊन बोंबाबोंब नको, पण अशी तीन-चार अ‍ॅप्स आहेत मार्केटमध्ये आणि सगळ्यांचा साचा साधारण एकच, त्यामुळे कुठलंही घेणार असाल तरी हे वाचून घ्या.

अ‍ॅप करतं काय, तर एक बातमी घेतं, ती कोणकोणत्या पेपरांनी, चॅनलांनी, वेबसाइटींनी दिली ते गोळा करतं आणि वर एक पट्टी दाखवतं, निळा म्हणजे डावे, लाल म्हणजे उजवे, मधले पांढरे. पहिला आठवडा माझा यातच गेला कारण आपल्या डोक्यात लाल म्हणजे लाल बावटा, गिरणी कामगारांचे मोर्चे, आणि इथे लाल म्हणजे रिपब्लिकन, ट्रम्प यांचा उजवा पक्ष. दोनदा उलटं वाचून बायकोला तावातावाने चुकीचं समजावून सांगितलं.

घेतलं कशासाठी ते सांगतो. आम्ही टेक्सासमध्ये राहतो, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, पक्के बाप्टिस्ट (ख्रिश्चनांचा एक प्रोटेस्टंट पंथ), रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पिकअप ट्रकमधून चर्चला, बुधवारी संध्याकाळी परत चर्च. पोरं त्यांना आजोबाच म्हणतात, मी सर म्हणतो, टेक्सासमध्ये तसंच म्हणतात. कुंपणाला लागून त्यांचं पिकानचं, म्हणजे अक्रोडासारख्या फळाचं, झाड आहे, निम्म्या फांद्या आमच्याकडे, नोव्हेंबर आला की काठीला तारेचा पिंजरा लावलेलं एक यंत्र घेऊन येतात, जमिनीवरून फिरवलं की पिकान आपोआप आत अडकतात, आणि आमच्या अंगणातले आम्हालाच वेचून देतात. दिवाळीला आमच्याकडून चकल्या जातात.

तर २०२४ च्या इलेक्शननंतर कुंपणावरच विषय निघाला. ट्रम्प निवडून आले होते, आजोबा खुश, तरी बोलता बोलता त्यांचं नेहमीचं सुरू झालं की हा मीडिया आम्हा देव मानणाऱ्या लोकांना माणसात धरत नाही. मी म्हटलं, सर, आता जिंकलात की तुम्ही, आता कसली रड. तर म्हणाले, सरकार आमचं आलं म्हणून पेपरवाले आमचे होत नाहीत. मी म्हटलं फॉक्स न्यूज चॅनल आहे की तुमचं, उजव्यांचं, केबलवर सगळ्यात जास्त तेच बघतात. त्यावर हसले आणि म्हणाले की मीडियावाले जेव्हा मीडिया म्हणतात तेव्हा ते फॉक्सला धरतात का? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरी येऊन ४० डॉलर भरून वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, म्हटलं आता आकड्यानेच दाखवतो त्यांना.

आता आजोबांना एक तारीख पाठ आहे, १ फेब्रुवारी १९९३. त्या दिवशी वॉशिंग्टन पोस्टच्या पहिल्या पानावर टीव्हीवरच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे जेरी फॉलवेल, पॅट रॉबर्टसन वगैरेंच्या अनुयायांबद्दल छापून आलं होतं की हे लोक बहुतांशी गरीब, कमी शिकलेले आणि सांगाल तसे वागणारे आहेत. दुसऱ्या दिवशी पेपरने चूक दुरुस्त केली, या वाक्याला आधार नाही असं छापलं. दुरुस्ती केली हे आजोबांना माहितीये, पण त्यांचा मुद्दा वेगळा आहे, ते म्हणतात लिहिणारा एक माणूस चुकेल, पण ते वाक्य छापायला जाईपर्यंत जेवढ्या डोळ्यांखालून गेलं त्यातल्या एकालाही खटकलं नाही म्हणजे त्या ऑफिसात आमच्यासारखा एकही माणूस बसत नव्हता. १९९३ मध्ये आजोबा स्वतःचा धंदा चालवत होते, हाताखाली माणसं होती, लायसन्स होतं. तीस वर्षं झाली पण सांगताना अजून मान ताठ होते त्यांची.

हे अ‍ॅपमध्ये सापडत नाही. इतकं जुनं काही नाहीच त्यात, पण असतं तरी पट्टीवर काय दिसलं असतं, एक निळा ठिपका. ज्या गोष्टीसाठी मी अ‍ॅप घेतलं ती मोजायची सोयच त्यात नाही हे मला हळूहळू कळत गेलं.

आधी चांगलं सांगतो. एकाच बाजूने दिलेल्या बातम्यांचा एक वेगळा विभाग आहे आणि तो खरंच पैसे वसूल आहे. आज डाव्यांनी कोणती बातमी गाळली, उजव्यांनी कोणती गाळली, समोरासमोर. मी सकाळी चहाबरोबर तेवढंच बघायचो शेवटी शेवटी. चर्चवर दगडफेक झाली, भिंतीवर काहीतरी रंगवलं, कुठल्यातरी शाळेतल्या प्रार्थनेवरून केस झाली, अशा बातम्या बऱ्याचदा नुसत्या लाल दिसायच्या, निळ्यात कोणी नाही, आणि मला मान्य करावं लागलं की आजोबा अगदीच हवेत बोलत नाहीत. उलटही तितकंच, रिपब्लिकन नेत्याच्या भानगडीची बातमी असली की लाल बाजू चिडीचूप. आजोबांना हा भाग दाखवला तेव्हा चष्मा पुसायला लागले.

आता शब्दांचं. वॉशिंग्टनला दर जानेवारीत गर्भपाताच्या विरोधात मोठा मोर्चा निघतो, मार्च फॉर लाइफ, १९७४ पासून, गर्भपाताचा हक्क देणाऱ्या रो विरुद्ध वेडच्या निकालाच्या वाढदिवसाला धरून, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल उलटवला तरी मोर्चा चालूच आहे. या जानेवारीत मी मुद्दाम अ‍ॅपमध्ये सगळी कव्हरेज उघडून एकाखाली एक वाचली. लाल बाजू मोर्चेवाल्यांना प्रो-लाइफ, म्हणजे जीवनाच्या बाजूचे, म्हणते, ते स्वतःला म्हणतात तेच. निळी आणि पांढरी बाजू म्हणते गर्भपातविरोधी, आणि समोरच्या गटाला म्हणते गर्भपात-हक्कवाले. हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकातून, म्हणजे कुठला शब्द कसा वापरायचा त्याच्या नियमांच्या पुस्तकातून, येतं, अर्ध्या अमेरिकेचे पेपर त्या पुस्तकाबरहुकूम लिहितात. त्यांचा युक्तिवाद असा की दोन्ही गटांनी स्वतःला ठेवलेली गोड नावं आम्ही वापरत नाही, प्रो-लाइफ पण नाही आणि प्रो-चॉइस, म्हणजे निवडीच्या बाजूचे, पण नाही. ऐकायला बरोबर वाटतं. मलाही वाटलं. आजोबांना सांगितलं तर त्यांनी एका मिनिटात खोड काढली, म्हणाले, ठीके, पण एकाच्या पाटीवर हक्क आणि दुसऱ्याच्या पाटीवर विरोध, मग रस्त्याने जाणाऱ्या माणसाला त्यातला वाईट कोण वाटणार? मी स्वतः त्या विषयावर आजोबांच्या विरुद्ध बाजूला आहे, पण या एका मुद्द्यावर गप्प बसलो.

आणि अ‍ॅपला हे दिसत नाही! त्याच्या हिशोबात ती बातमी छान समतोल, निळेही आहेत, लालही आहेत, मध्ये पांढरे आहेत, झालं. पांढऱ्यांनी कुठल्या बाजूचा शब्द उचलला ते पट्टीत कुठे येणार. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे भाताचं पातेलं बघून शिताला मार्क दिलेत. पेपर डावा ठरला की त्यातला प्रत्येक लेख डावा, चर्चच्या लंगरासारख्या फुकट जेवणाची बातमी असली तरी.

दुसरा नमुना पोपचा. ८ मे २०२५ ला नवे पोप निवडले गेले, लिओ चौदावे, पहिलेच अमेरिकन, शिकागोचे, ऑगस्टीनियन पंथाचे, आयुष्यातली कितीतरी वर्षं पेरूमध्ये काढलेली. पट्टी एकदम भरगच्च, सगळ्यांनी दिलेली बातमी. वाचत गेलो तर निळे विचारतायत हे ट्रम्पच्या विरोधात बोलतील का, लाल विचारतायत हे वोक, म्हणजे अति पुरोगामी, आहेत का, आणि एक-दोन दिवसांत तर दोन्हीकडच्यांनी त्यांचं मतदानाचं रेकॉर्ड काढलं, इलिनॉयमध्ये कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, मत दिलं ते. अरे बाबा, त्या माणसाने लिओ नाव का घेतलं ते सांगा की आधी! तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांवर पत्र काढलं होतं आणि आता एआयमुळे कामगारांवर येणारी पाळी बघून मी हे नाव घेतलं असं ते स्वतः निवडीनंतर दोनच दिवसांत बोलले. ते छापून आलं, नाही असं नाही, पण अ‍ॅपने जो आपोआप तीन बाजूंचा सारांश काढला त्यात डावं मत, उजवं मत, मधलं मत, एवढंच, आणि तिन्ही मतं राजकारणावरच.

मला हे वाचताना सारखी वारी आठवत होती. आमच्या घरी आजी वारीला जायची, शेवटची तीन वर्षं गुडघे गेले तरी वाखरीपर्यंत टेम्पोतून. आपल्याकडे वारीची बातमी काय असते, मुख्यमंत्री सपत्नीक महापूजेला, कोणत्या नेत्याने फुगडी घातली, पुणे-सोलापूर रस्त्यावर वाहतूक कशी वळवली, आणि ड्रोनने काढलेला रिंगणाचा एक फोटो. वारकऱ्याबद्दल द्वेष असतो का त्यात? अजिबात नाही, उलट कौतुकच असतं. पण ती बाई अडीचशे किलोमीटर का चालते हे विचारायला कोणी थांबत नाही कारण विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं की भाबडी आहे, श्रद्धा आहे, झालं. अमेरिकेत आजोबांचं जे होतंय ते मला बरंचसं असंच वाटतं. ते त्याला द्वेष म्हणतात, मी म्हणतो अडाणीपणा आहे. आणि हे मी नाही म्हणत एकटा, न्यूयॉर्क टाइम्सचे तेव्हाचे मुख्य संपादक डीन बाके यांनी डिसेंबर २०१६ मध्ये, ट्रम्प पहिल्यांदा जिंकल्यावर, एनपीआर या सार्वजनिक रेडिओवरच्या मुलाखतीत सरळ कबूल केलं होतं की आम्हाला धर्म कळत नाही, लोकांच्या आयुष्यात धर्माची जागा काय आहे ते आम्हाला कळत नाही. इतक्या वरच्या माणसाने इतकं स्वच्छ बोललेलं मी तरी परत ऐकलं नाही.

अ‍ॅपमध्ये एक टॅब आहे, या पेपरचा मालक कोण. अब्जाधीश, कंपनी, फंड, ट्रस्ट, छान रंगीत चक्र. पण मालक कोण यापेक्षा टेबलावर कोण बसतं हे कळायला हवं ना. २०२४ च्या एप्रिलमध्ये एनपीआरचे जुने संपादक युरी बर्लिनर यांनी लिहिलं की वॉशिंग्टनच्या न्यूजरूममध्ये संपादकीय कामावर असलेल्यांची मतदार नोंदणी तपासली तर ८७ डेमोक्रॅट, म्हणजे निळ्या पक्षाचे, आणि रिपब्लिकन शून्य. त्यांच्याच सहकाऱ्यांनी या हिशोबावर आक्षेप घेतले, बर्लिनरना पाच दिवस सस्पेंड केलं, मग त्यांनीच राजीनामा दिला. आकडा थोडा इकडेतिकडे असेल असं धरलं तरी आजोबांचं १९९३ चं म्हणणं आणि हे, एकच आहे. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे ११० कोटी डॉलर काढून घेतले, ते मला अजिबात पटलं नाही, कारण त्यात मार खाणार ती गावाकडची छोटी स्टेशनं, आणि तिथलेच लोक तर चर्चला जाणारे. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

गॅलप ही जनमत चाचण्या करणारी कंपनी विश्वासाचा सर्व्हे घेते, १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकन लोकांचा मीडियावर विश्वास होता, २०२५ मध्ये २८, आणि रिपब्लिकनांमध्ये फक्त ८. आठ! आमच्या सोसायटीच्या एचओएवर, म्हणजे घरमालकांच्या कमिटीवर, सुद्धा याहून जास्त लोकांचा विश्वास असेल.

आता आपल्या लोकांसाठी. तुम्हाला वाटेल हा गोऱ्या ख्रिश्चनांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचं. २०१७ मध्ये सीएनएनवर वाराणसीतल्या अघोरींवर एक एपिसोड आला होता, निवेदक रेझा अस्लान राख फासून बसलेला, माणसाच्या मेंदूचा तुकडा खातोय. इथल्या हिंदूंनी केवढा आरडाओरडा केला होता, कारण दुसऱ्या दिवशी आमच्या मुलांना शाळेत तेच विचारणार हे माहिती होतं. आणि न्यू जर्सीत रॉबिन्सव्हिलचं स्वामिनारायण मंदिर घ्या. मे २०२१ मध्ये एफबीआय आत शिरली, मजुरांना तासाला साधारण १.२० डॉलर देतात असा दावा दाखल झाला, देशभर बातमी. आरोप गंभीर होते, दलित मजूर होते त्यात, छापायलाच हवं होतं, यावर माझं दुमत नाही. पण २०२५ मध्ये सरकारने तो फौजदारी तपास बंद केला तेव्हाची बातमी पहिल्या दिवसाच्या गाजावाजाच्या पासंगालाही पुरली नाही. मला ती अ‍ॅपच्या त्या एका बाजूच्या विभागात दिसली, म्हणून म्हणतो तो विभाग चांगला आहे.

हे आजोबांना सांगितल्यावर ते एकदम उत्साहात, बघ तुमचं पण तेच. मग मी त्यांना ह्यूस्टन क्रॉनिकलचं विचारलं. २०१९ मध्ये त्या पेपरने आणि सॅन अँटोनियोच्या पेपरने मिळून यांच्याच सदर्न बाप्टिस्ट चर्चमधली लैंगिक अत्याचारांची प्रकरणं बाहेर काढली होती, वीस वर्षांत सुमारे ३८० पाद्री आणि स्वयंसेवकांवर आरोप, सातशेवर पीडित. म्हटलं हा पण धर्मद्वेष का? आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. काठीच्या पिंजऱ्यातले पिकान बादलीत ओतत राहिले. मग म्हणाले, ते खरं होतं, आणि ते आमच्याच लोकांनी आधी सांगायला हवं होतं. पुढे एवढंच म्हणाले की ते वाचताना मला कुठेच असं वाटलं नाही की लिहिणारा मला हसतोय.

मी बऱ्याचदा विचार करतो या वाक्याचा. अ‍ॅप घेऊन जे शोधत होतो ते हेच, आणि असला काटा कुठल्याच पट्टीत बसवता येणार नाही.

आजोबांचं सगळंच मान्य करायला मी तयार नाही. आम्ही बिचारे अल्पसंख्य, आम्हाला कोणी विचारत नाही, हे फॉक्सच्या काळात फारसं टिकत नाही. १९८७ मध्ये ब्रॉडकास्टवाल्यांना दोन्ही बाजू दाखवायला लावणारा फेअरनेस डॉक्ट्रिनचा नियम गेला, १९८८ पासून रश लिंबॉ हा उजवा निवेदक देशभर रेडिओवर, १९९६ ला फॉक्स न्यूज, तेव्हापासून त्यांचीही पेठ चांगली मोठी आहे. आणि तिथे काय दर्जा, तर २०२० च्या इलेक्शनच्या मशीनबद्दल खोटं दाखवलं म्हणून २०२३ मध्ये डोमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. आपलं ठेवायचं झाकून. शिवाय अ‍ॅप आणि आजोबा दोघंही एक चूक सारखीच करतात, धार्मिक म्हणजे उजवा हे धरूनच चालतात. अटलांटाचं एबेनेझर बाप्टिस्ट चर्च, मार्टिन लूथर किंगचं, तिथले पाद्री राफेल वॉर्नॉक हे डेमोक्रॅट सिनेटर आहेत. त्यांच्या रविवारच्या प्रवचनाला अ‍ॅप कुठला रंग देणार? काळ्या लोकांची चर्च रविवारी ओसंडून वाहतात आणि मतं निळी पडतात, ते या सगळ्या भांडणात कोणाच्याच खिजगणतीत नाहीत.

बारीकसारीक तक्रारी पटकन. नोटिफिकेशन पहाटे पाचला येतं, वेळ बदलली तरी येतं. आपोआप सारांश गुळमुळीत, मिठाशिवायच्या भातासारखा. छोटे गावातले पेपर आणि चर्चची, देवळांची स्वतःची पत्रकं जवळजवळ नाहीतच. आणि सबस्क्रिप्शन कॅन्सल करायचं बटण सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली, मी मुदतीच्या दोन दिवस आधी कॅन्सल केलं असं मला वाटत होतं पण शेवटच्या पानावर परत एकदा कन्फर्म करायचं होतं, ते राहिलं, आणि ४० डॉलर गेले. सपोर्टकडून तीन ईमेल आलेत, तिन्हीत तुमची अडचण आम्ही समजू शकतो असं लिहिलंय, पैसे आलेले नाहीत.

घ्यायचं असेल तर फुकटवालं घ्या, त्यात तो एका बाजूचा विभाग रोज पाच बातम्यांपुरता दिसतो, पुरेसा आहे. वरचे पैसे मालकांच्या रंगीत चक्रासाठी आहेत.

आता दुसऱ्या वर्षाचे पैसे गेलेलेच आहेत म्हणून माझं लॉगिन आजोबांच्या आयपॅडवर टाकून दिलंय, अक्षर सगळ्यात मोठं करून. काल कुंपणावरून विचारत होते की यात हवामान कुठे दिसतं.